पढविलेली उत्तरे आणि परभणीची मुले

परभणी शहरात, आणि आता सेलू, जिंतूर, गंगाखेड अशा तालुक्यांच्या गावीही, अलीकडे एक मत इतक्या निःशंकपणे सांगितले जाते की ऐकणाऱ्या पालकास त्याची खातरजमा करून घेण्याचेही सुचत नाही. ते मत असे : आमच्या जिल्ह्यातील मुले लेखी परीक्षेत कोणास हार जात नाहीत, परंतु प्रवेशाच्या मुलाखतीत मार खातात, आणि त्याचे कारण त्यांना व्यक्तिमत्त्व नाही हे होय; सबब मुलाखतीपूर्वी पंधरा दिवस किंवा महिनाभर एखाद्या वर्गात घालून त्यांचे बोलणे, बसणे, पोशाख आणि उच्चार बदलून घ्यावेत, संभाव्य प्रश्नांची उत्तरे त्यांच्याकडून घोटवून घ्यावीत, आणि खेड्याच्या ज्या खुणा त्यांच्या अंगावर असतील त्या शक्य तितक्या पुसून टाकाव्यात. या मताच्या पुरस्कर्त्यांत केवळ वर्ग चालविणारे नाहीत. सद्भावनेने बोलणारे शिक्षक आहेत, पुण्यास नोकरीला असलेले मामा आणि थोरले भाऊ आहेत, आणि पोराचे भले व्हावे याखेरीज दुसरा विचार मनात नसलेले आईबापही आहेत. त्यांच्या हेतूविषयी मला यत्किंचितही शंका नाही. परंतु हे मत मुळातच चुकीचे आहे, त्यामुळे मुलांचे नुकसान होते, आणि ते नुकसान मुलाखतीच्या निकालापुरते मर्यादित राहत नाही, अशी माझी खात्री असल्यामुळे त्याचा सविस्तर प्रतिवाद करणे मला अगत्याचे वाटते.

आरंभी हे ध्यानात घेतले पाहिजे की आपल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांचा प्रवेशाच्या मुलाखतीशी आता संबंधच उरलेला नाही. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, कृषी यांचे प्रवेश सामाईक परीक्षेच्या गुणांवर होतात, वैद्यकाचे नीटच्या गुणांवर. समोर बसून कोणी काही विचारीत नाही. मुलाखत शिल्लक आहे ती थोड्या, परंतु मोलाच्या ठिकाणी. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेत, जी राज्य शासनाने 1977 साली स्थापन केली, लेखी परीक्षेनंतर मुलाखत असते. बारावीनंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी निवड मंडळापुढे जावे लागते. बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात लेखी चाचणीबरोबर मुलाखत घेतात. आणि पदवीनंतर व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय संस्थांची दारे मुलाखतीतूनच उघडतात. पुरस्कर्ते म्हणतात, ज्या मुलास दोन वर्षे केवळ चार पर्यायांपैकी एक काळा करावयास शिकविले, त्यास तोंड उघडून बोलण्याची सवय कोठून असणार? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे. मात्र रोगाचे निदान बरोबर असले म्हणून औषधही बरोबर ठरत नाही.

पाठ केलेल्या उत्तराचा दोष काय, हे सांगावयाचे तर मुलाखत चालते कशी हे आधी पाहिले पाहिजे. मुलाखतीत पहिला प्रश्न जवळजवळ नेहमीच सोपा असतो : स्वतःविषयी सांगा, या शाखेकडे का वळलात, फावल्या वेळात काय करता. या प्रश्नाचे उत्तर पाठ करता येते, आणि वर्गात नेमके तेच पाठ करून घेतात. परंतु पहिल्या प्रश्नावर कोणाचीही निवड होत नाही आणि कोणी बादही होत नाही. निवड होते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर, आणि तो दुसरा प्रश्न उमेदवाराच्या पहिल्या उत्तरातूनच जन्माला येत असल्यामुळे तो कोणत्याही पुस्तिकेत छापता येत नाही. आमच्या भागातील सराव-मुलाखतींच्या वेळी टेबलाच्या पलीकडच्या बाजूस बसण्याचा प्रसंग मला आलेला आहे, आणि तेथे जे दिसते ते एका प्रसंगावरून सांगता येईल. मानवत तालुक्यातला एक मुलगा आत आला, ठरवून दिल्याप्रमाणे अभिवादन करून बसला, आणि आपण एका कृषिव्यवसायाशी निगडित कुटुंबातून येतो, आपणास नेतृत्वाची आवड आहे व वाचन हा आपला छंद आहे, असे त्याने इंग्रजीत न अडखळता सांगितले. याच वाक्यांची आवृत्ती त्याच्या आधीच्या मुलीने आणि नंतरच्या मुलानेही केली होती. अलीकडे काय वाचले, एवढेच मी विचारले. तो गप्प झाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जी लाज पसरली ती पाहून मलाच अपराध्यासारखे वाटले, कारण त्या लाजेस कारण असे काहीच त्याने केलेले नव्हते; दुसऱ्याने त्याच्या तोंडी घातलेल्या वाक्याचा जबाब देण्याची पाळी मात्र त्याच्यावर आली होती.

मग मी मराठीत त्यास विचारले की कृषिव्यवसाय म्हणजे घरी नेमके काय आहे. कापूस आहे, म्हणाला, साडेचार एकर. औंदा कसा आहे? आणि येथून पुढे तो मुलगा जे बोलू लागला ते त्याच्या पाठ केलेल्या पानभर मजकुरापेक्षा शतपटीने मोलाचे होते. गुलाबी बोंडअळी आली की फूल पुरते उमलत नाही, पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात, त्यास डोमकळी म्हणतात, ती दिसली की तोडून नष्ट करावयाची. वडिलांनी कामगंध सापळे लावले होते आणि सापळ्यात रोज किती पतंग पडतात याची नोंद तो स्वतः वहीत करीत असे. डिसेंबरनंतर पऱ्हाट्या उपटून टाका, फरदड, म्हणजे जुन्याच झाडांवरचे लांबविलेले पीक, ठेवू नका, असे कृषी विद्यापीठ सांगते, मग शेजारी फरदड का ठेवतात, असे विचारल्यावर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, त्यांना ठाऊक आहे की त्याने अळीला वर्षभर खायला मिळते आणि पुढच्या हंगामात ती सगळ्यांच्याच शेतात येते, पण जानेवारीत हातात दुसरा पैसा येणार नसतो, आणि एकट्याने पऱ्हाट्या उपटल्या तर नुकसान फक्त त्याचेच होते.

या शेवटच्या वाक्यात काय आहे, याचा विचार वर्गवाल्यांनी शांतपणे करावा. व्यक्तीचा तात्कालिक लाभ आणि समूहाचे दीर्घकालीन हित यांचा विरोध हा अर्थशास्त्राचा आणि समाजशास्त्राचा एक मूलभूत प्रश्न आहे. त्यावर विद्वानांनी ग्रंथ लिहिले आहेत. आणि तो या अठरा वर्षांच्या मुलाने साडेचार एकरांच्या अनुभवातून, कोणी शिकविल्यावाचून, एका वाक्यात मांडला. कोणत्याही विद्यापीठाचा प्राध्यापक हे ऐकून पुढे सरसावून बसला असता. 2017 साली महाराष्ट्रात बोंडअळीने जो कहर केला तो या मुलाने बालवयात घरात पाहिलेला होता. बीटी वाणास अळी का जुमानीत नाही, सरकी कोणी विकली, पंचनामे कसे झाले, भरपाई कोणास मिळाली, अशा कितीतरी प्रश्नांकडे त्याच्या एका उत्तरातून वाट जात होती. आणि त्यास शिकविले काय होते? तर शेती असा शब्द न वापरता कृषिव्यवसाय म्हणावे, आणि छंद विचारला तर वाचन सांगावे!

येथे मला राग येतो, आणि तो लपविण्याचे कारण मला दिसत नाही. ज्या मुलाजवळ सांगण्यासारखे आहे त्यास ते दडवावयास सांगणे आणि जे नाही त्याचे सोंग घ्यावयास लावणे, यास शिक्षण हे नाव देता येत नाही. ई-पीक पाहणी 2021 साली सुरू झाल्यापासून आपल्या जिल्ह्यात कितीतरी घरांत बापाच्या शेतातील पिकाची नोंद मोबाइलवर करण्याचे काम शिकत्या मुलाकडे किंवा मुलीकडे आले आहे. 2025 पूर्वी अतिवृष्टीने सोयाबीन पाण्याखाली गेले की बहात्तर तासांच्या आत विमा कंपनीस पूर्वसूचना द्यावी लागे, तेव्हा हे आजोबांना नव्हे तर नातीला ठाऊक असे, आणि नेटवर्कसाठी बांधावरून रस्त्यापर्यंत तीच धावे. शासनाची योजना आणि माणसाचे शेत यांच्यामध्ये काय काय अडते, हे त्या मुलीइतके जवळून फारच थोड्यांनी पाहिले असेल. सार्वजनिक धोरण शिकू इच्छिणाऱ्या उमेदवारासाठी याहून बळकट सामग्री कोणती? परंतु वर्गात तिला सांगण्यात येते की असल्या घरगुती गोष्टी मुलाखतीत काढू नयेत, त्याने छाप पडत नाही.

आता पुरस्कर्त्यांच्या सर्वांत सबळ आक्षेपाकडे येऊ. ते म्हणतात, हे सारे तत्त्वतः ठीक. पण मुलाखत घेणारे तुमच्यासारखे मराठीत विचारीत बसत नाहीत. ती माणसे घाईत असतात, उच्चार ऐकतात, पोशाख पाहतात, बापाचा धंदा विचारतात आणि दोन मिनिटांत मत बनवितात. अशा व्यवहारात टिकावयाचे तर मुलास व्यवहार शिकविला पाहिजे. या आक्षेपातील वस्तुस्थिती मी नाकारीत नाही; उलट तिचा पुरावा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरातच आहे. 1964 साली म्हैसूर राज्यातील अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेशांच्या प्रकरणात न्यायालयाने मुलाखतीची पद्धत वैध मानली होती. परंतु पुढे श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाविरुद्ध अजय हासिया आणि इतर विद्यार्थी न्यायालयात गेले तेव्हा जे उघड झाले ते विलक्षण होते. लेखी परीक्षेस शंभर गुण आणि मुलाखतीस पन्नास. एकेका उमेदवारास दिलेला वेळ दोन-तीन मिनिटांचा. आणि विचारलेले प्रश्न बहुतांशी आईबाप कोण, राहता कोठे, अशा स्वरूपाचे. न्यायमूर्ती भगवती यांनी लिहिलेल्या नोव्हेंबर 1980 च्या निकालात एकूण गुणांच्या एक तृतीयांश गुण मुलाखतीस ठेवणे अवाजवी व मनमानी ठरविण्यात आले, पंधरा टक्क्यांहून अधिक गुण तिला असू नयेत असे सांगण्यात आले, आणि प्रश्नोत्तरे ध्वनिमुद्रित करण्याची सूचनाही करण्यात आली.

या निकालाचा बोध काय घ्यावयाचा? दोन मिनिटांत मत बनविणारे मंडळ अन्यायी असते, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु त्यावर उपाय म्हणून उमेदवारांनी दोन मिनिटांपुरते सुंदर दिसावयास शिकावे असे कोणत्याही न्यायाधीशाने म्हटलेले नाही. उपाय मंडळावर बंधन घालण्याचा होता. अन्याय्य मुलाखतीविरुद्ध कायद्याने, संस्थेने आणि समाजाने झगडावयाचे असते. तिच्यापुढे मुलाची मान वाकवून ठेवणे हा त्या अन्यायाला लावलेला हातभार होय. शिवाय साधा हिशेबही पुरस्कर्त्यांच्या विरुद्ध जातो. जेथे मुलाखत दोन मिनिटांची असते तेथे वशिला आणि आडनाव चालते, पोशाख नव्हे. आणि जेथे ती खरोखर कसाची असते तेथे सोंग टिकत नाही. संरक्षण प्रबोधिनीचेच उदाहरण घ्या : लेखी परीक्षेस नऊशे गुण आणि निवड मंडळासही नऊशेच, म्हणजे निम्मा भार, परंतु ती निवड पाच दिवस चालते, त्यात मानसशास्त्रीय चाचण्या असतात, गटाने करावयाची कामे असतात, आणि व्यक्तिगत मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यापुढे उमेदवाराने स्वतःच्या हाताने भरलेला माहितीचा तक्ता असतो. जिल्हा कोणता, वडील काय करतात, खेळ कोणते, जबाबदारी कोणती घेतली, हे उमेदवारानेच लिहिलेले असते, आणि प्रश्न त्यातून निघतात. परीक्षेतील प्रश्नपत्रिका एका अर्थाने तो स्वतःच काढीत असतो. त्या तक्त्यात खोटा छंद लिहिणारा मुलगा स्वतःविरुद्ध पुरावा दाखल करतो, आणि पाच दिवस त्या पुराव्याची उलटतपासणी होत राहते.

इंग्रजीचा प्रश्न याहून अवघड आहे आणि त्यास मी बगल देणार नाही. ज्या संस्थांचे अध्यापन इंग्रजीत चालते त्यांनी इंग्रजीची अपेक्षा ठेवणे गैर नव्हे. मराठी माध्यमातून आलेल्या आमच्या मुलांना ती भाषा कमावलीच पाहिजे. परंतु भाषा कमावणे निराळे आणि उच्चारांची नक्कल करणे निराळे. पहिल्यास दोन वर्षे लागतात : रोज वर्तमानपत्राचे एक पान, आठवड्यास एक निबंध, आणि चुका दाखविणारा एक माणूस. दुसरे पंधरा दिवसांत जमते आणि सोळाव्या दिवशी उघडे पडते. साध्या, लहान, बिनचूक इंग्रजी वाक्यांत बोलणाऱ्या आणि एखादी कल्पना अडली तर ‘ही गोष्ट मी हिंदीत सांगू का’ अशी सरळ परवानगी मागणाऱ्या उमेदवारास समंजस मंडळ कमी लेखीत नाही. देशातील सर्वांत प्रतिष्ठेची मुलाखत जी संघ लोकसेवा आयोग घेतो, तीसुद्धा मराठीतून देण्याची मुभा आहे.

परकी भाषा शिकताना आपला गाव टाकून द्यावा लागत नाही, हे तर या जिल्ह्यास नव्याने सांगावयास नको. निजामाच्या अमदानीत येथील कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चाले. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून दिले जाई. आणि मराठवाड्यातील ज्यांना शिकावयाचे व नोकरी करावयाची होती त्यांनी ती भाषा आत्मसात केली. सातोन्याचे बी. रघुनाथ त्याच राजवटीच्या बांधकाम खात्यात नोकरी करीत परभणीत राहिले, आणि 1953 साली वयाच्या अवघ्या चाळिशीत निधन होईपर्यंत कविता, कथा आणि कादंबऱ्या त्यांनी मराठीतच लिहिल्या, आणि त्या याच मुलखातील माणसांच्या. कचेरीची भाषा वेगळी होती म्हणून त्यांना आपल्या मातीची शरम वाटली नाही. आजच्या मुलांनी इंग्रजी याच ऐटीत शिकावी.

पोशाखाविषयी फार लिहिण्याचे प्रयोजन नाही. कपडे स्वच्छ व इस्त्री केलेले असावेत, पादत्राणे झिजलेली असली तरी पुसलेली असावीत, वेळेआधी पोहोचावे. रात्रीच्या रेल्वेने मुंबईस जाणाऱ्या मुलाने फलाटावरून थेट मुलाखतीस न जाता तोंड धुऊन, दोन घास खाऊन जावे, हा सल्ला कोणत्याही टायपेक्षा उपयोगी आहे.

‘माहीत नाही’ असे कधीही म्हणू नये, हा जो आणखी एक उपदेश वर्गांत दिला जातो, तो मात्र घातक आहे. ज्यास जे माहीत नाही ते त्याने तसे सांगावे, आणि त्यालगत जे माहीत आहे तेथपर्यंत विचार नेऊन दाखवावा. परीक्षक पाहतो तो हाच प्रामाणिकपणा आणि हीच विचारशक्ती. माहीत नसताना ठोकून दिलेले उत्तर ऐकणाऱ्यास तत्क्षणी कळते, आणि त्यानंतर उमेदवाराच्या खऱ्या उत्तरांवरचाही विश्वास उडतो.

आता मघाशी मान्य केलेल्या प्रश्नाकडे वळतो : तोंड उघडून बोलण्याची सवय कोठून येणार? ती सवय लावण्याची तरतूद आपल्या शिक्षणक्रमात आहेच, आणि ती आपणच निकामी करून टाकली आहे. बारावीच्या विज्ञान शाखेच्या प्रात्यक्षिक परीक्षेत तोंडी प्रश्नांस गुण असतात. भौतिकशास्त्राच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या मुलीस परीक्षकाने विचारावे की लंबकाची दोरी वाढविली तर काय होईल आणि का, तिने उत्तर द्यावे, परीक्षकाने त्यावर उलट प्रश्न करावा, तिने अडखळावे, पुन्हा विचार करून सांगावे, ही मुलाखतीचीच तालीम होय, आणि ती प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात, विनाशुल्क, होऊ शकते. परंतु जेथे मुले दोन वर्षे खाजगी शिकवणीस जातात आणि महाविद्यालयाचे तोंड केवळ परीक्षेपुरते पाहतात, तेथे या तोंडी परीक्षेचे गुण सरसकट वाटले जातात. ज्या व्यवस्थेने मुलांचे तोंड दोन वर्षे बंद ठेवले तिचीच पुढची पायरी म्हणून मुलाखतीचे वर्ग निघाले आहेत, हे पालकांनी ओळखले पाहिजे.

तयारीची साधने या जिल्ह्यात विपुल आहेत. 18 मे 1972 रोजी स्थापन झालेले कृषी विद्यापीठ शहराला लागून आहे. त्याच्या स्थापनादिनी खरिपाचा आणि 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामदिनी, रब्बीचा शेतकरी मेळावा भरतो, आणि तेथे शास्त्रज्ञ शेतकऱ्यांच्या प्रश्नांस समोरासमोर उत्तरे देतात. मुलांनी त्या मांडवात जाऊन बसावे, उभे राहून एक प्रश्न विचारावा, उत्तर पटले नाही तर दुसरा विचारावा. ज्यास नेमका प्रश्न विचारता येतो त्यास प्रश्नाचे उत्तर देण्याची भीती फार काळ राहत नाही. तहसील कचेरीत, बाजार समितीच्या लिलावात, आरोग्य केंद्रात, आपल्याच जिल्ह्याचा कारभार डोळ्यांनी पाहावा, आणि पाहिलेले चार ओळींत लिहून काढावे. सेवानिवृत्त प्राध्यापक, अभियंते, सैन्यातून परतलेले जवान आणि अधिकारी प्रत्येक तालुक्यात आहेत. महाविद्यालयांनी महिन्यातून एक दुपार त्यांना बोलावून एकेका विद्यार्थ्याशी अर्धा तास बोलावयास बसविले, आणि पाठ केलेल्या उत्तराला तेथेच थांबवून ‘हे तुला स्वतःला काय वाटते’ असे विचारण्याची मुभा त्यांना दिली, तर दोन वर्षांत जे घडेल ते कोणत्याही वर्गाच्या हाती नाही.

पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. वर्गाचे शुल्क भरण्यासाठी कापसाच्या पट्टीतले पैसे बाजूला काढण्यापूर्वी एक संध्याकाळ मुलास किंवा मुलीस समोर बसवा आणि तिने भरलेला प्रवेशअर्ज तिच्याकडूनच वाचून घ्या. प्रत्येक ओळीवर दोन प्रश्न विचारा : हे खरे आहे का, आणि याविषयी तुला आणखी काय ठाऊक आहे? तुम्ही शाळेची पायरी चढला नसाल तरी हे प्रश्न तुम्हाला विचारता येतील. जी ओळ खरी नसेल ती खोडावयास लावा, आणि वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात शेती असे स्वच्छ अक्षरात लिहू द्या.